कोणत्या विमान अपघातावर स्वतंत्र लेख करायचा? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

९ जून २०२५ ला होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं आणि तीनच दिवसांनी, १२ जूनला, अहमदाबादचा अपघात झाला. सोलापुरात मराठी विकिपीडियावर लिहिणारे आम्ही मोजकेच लोक. तेव्हापासून आमच्याकडे फिरून फिरून तेच येतं: ह्या अपघातावर लेख करू का, त्या अपघातावर का नाही, माझा लेख कुणी उडवला. दर वेळी तीच उत्तरं लिहिण्यापेक्षा एकदा सगळं एकत्र मांडून टाकलं आहे. काही गोष्टी विकिपीडियाच्या धोरणात आहेत, काही आमचं मत आहे. मत जिथे आहे तिथे तसं सांगितलं आहे.

किती माणसं गेली की स्वतंत्र लेख होतो?

असा आकडा नाही. हे उत्तर कुणालाच पटत नाही, पण खरं तेच आहे.

२४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं एक डीसी-८ सांताक्रूझला उतरायचं ते चुकून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि धावपट्टी संपल्यावरच थांबलं. एकही माणूस गेला नाही. तरी त्यावर लेख होतो, कारण एवढं मोठं जेट शेजारच्या विमानतळावर उतरतं कसं, हा प्रश्न आजही वैमानिकांच्या अभ्यासाचा आहे. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये पौंड आणि किलोच्या घोळामुळे निम्म्याच्या आसपास इंधन भरलं गेलं, हवेतच दोन्ही इंजिनं बंद पडली आणि वैमानिकांनी ते गिमली गावच्या जुन्या हवाई तळावर तरंगत आणून उतरवलं. तिथेही कुणी दगावलं नाही. २००९ ला न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीवर उतरलेल्या विमानातले सगळे १५५ जण वाचले. ह्या तिन्ही घटनांवर लिहायला भरपूर आहे.

उलट, पाच-सात माणसं गेलेले जगभरातले कितीतरी अपघात असे आहेत की त्यांच्यावर दोन दिवसांच्या बातम्यांपलीकडे एक ओळ सापडत नाही. तिथे लेख लिहायला बसलात तर तिसऱ्या वाक्यानंतर हात थांबतो. मृतांची संख्या महत्त्वाची नाही असं आम्ही म्हणत नाही. शंभर-दीडशे माणसं गेली की चौकशी मोठी होते, लिखाणही मोठं होतं, आणि लेख आपोआप उभा राहतो. पण तो त्या लिखाणाच्या जोरावर, आकड्याच्या नाही.

मग बघायचं तरी काय?

तीन गोष्टी. ज्यांचा घटनेशी संबंध नाही अशा भरवशाच्या लोकांनी त्यावर सविस्तर लिहिलंय का? ते लिखाण आठवडा उलटून गेल्यावरही चालू राहिलं का? आणि त्या अपघातामुळे काही बदललं का? पहिली गोष्ट धोरणाची, तिच्याशिवाय लेख टिकत नाही. पुढच्या दोन तिला बळ देतात. आमच्या मते विमान अपघातांच्या बाबतीत तिसरीच सगळ्यात जास्त बोलते.

चरखी दादरीचं उदाहरण घ्या. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ वर चढत होतं आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ दिल्लीला उतरायला येत होतं. त्या काळी जाणाऱ्या आणि येणाऱ्या विमानांना एकच वाट होती. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, सौदी विमानाला १४ हजारांवर. कझाक विमान आपली उंची सोडून खाली आलं. दिल्लीच्या नियंत्रकाकडे होतं ते प्राथमिक रडार, ज्यावर विमान कुठे आहे ते दिसतं पण किती उंचीवर आहे ते दिसत नाही. ३४९ माणसं गेली. आजवर हवेत दोन विमानं धडकून झालेला हा सगळ्यात भीषण अपघात आहे. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या आयोगाने चौकशी केली. पुढे दिल्लीत येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि धडकेचा इशारा देणारी यंत्रणा भारतात येणाऱ्या प्रवासी विमानांना सक्तीची झाली.

आता ह्यातून ३४९ हा आकडा झाकून उरलेला मजकूर वाचा. लेख तरीही उभा आहे. आम्ही नवीन लेखकाला हेच करायला सांगतो: मृतांचा आकडा झाकायचा आणि बघायचं काय उरतं.

अपघात आज झालाय. आजच लेख सुरू करू का?

मोठा प्रवासी अपघात असेल तर तुम्ही नाही केला तरी दुसरं कुणीतरी तासाभरात करतंच. आमचा सल्ला: धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या कच्च्या पानावर लिहा, दोन दिवस थांबा.

अहमदाबादला काय झालं ते आठवा. पहिल्या काही तासांत कुणीच वाचलं नसल्याचं सांगितलं जात होतं. मग एक प्रवासी चालत बाहेर आला. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात आणि आसपास, जमिनीवर किती जण गेले, तो आकडा काही दिवस वर-खाली होत राहिला. शेवटी विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ असे २६० हा आकडा ठरला, तोही डीएनए चाचण्यांनंतर. त्या दरम्यान ज्यांनी घाईने लेख लिहिले ते दिवसातून चार वेळा आकडे बदलत बसले.

कारणांचं तर बोलूच नका. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्राथमिक अहवाल ३० दिवसांत अपेक्षित असतो आणि अंतिम अहवाल शक्य झाल्यास वर्षभरात. अहमदाबादचा प्राथमिक अहवाल १२ जुलैला बाहेर आला. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच साधारण एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर गेले, एका वैमानिकाने दुसऱ्याला विचारलं की तू बंद का केलंस, दुसरा म्हणाला मी नाही केलं. कोण काय म्हणालं ते अहवालात नाही. पण ते वाचून कित्येकांनी मनानेच एका वैमानिकाचं नाव ठरवून टाकलं. विश्वकोशात असं चालत नाही. अहवालात जेवढं आहे तेवढंच, आणि ते प्राथमिक आहे हे सांगून. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नसतो, एवढं भान ठेवलं तरी पुष्कळ.

पण आठवडाभर सगळ्या चॅनेलवर तेच होतं की! अजून काय पुरावा पाहिजे?

दहा चॅनेलनी एकाच वृत्तसंस्थेची बातमी वाचली तर तो एकच संदर्भ झाला. त्यात घटनास्थळावरून ओरडणारा वार्ताहर धरला तरी सव्वा. सहा महिन्यांनी कुणी त्याबद्दल लिहितंय का, ते बघा. कनिष्क विमान १९८५ मध्ये अटलांटिकवर बॉम्बने पाडलं गेलं, ३२९ जण गेले, आणि कॅनडाच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला २०१० मध्ये. पंचवीस वर्षं त्या घटनेवर लिहिलं जात होतं.

विमानात मोठा माणूस असेल तर?

इथे घोटाळा होतो. मोठा माणूस गेला म्हणून अपघात आपोआप मोठा होत नाही, बऱ्याचदा ती माहिती त्या माणसाच्या चरित्रलेखातच शोभते. संजय गांधी १९८० मध्ये दिल्लीत छोटं विमान उडवताना गेले, माधवराव शिंदे २००१ मध्ये मैनपुरीजवळ. दोन्ही घटना राजकारणाला वळण देणाऱ्या, पण विमान अपघात म्हणून त्यावर सांगण्यासारखं थोडकं आहे. आमच्या मते चरित्रातला एक नीट परिच्छेद पुरे. इतर भाषांत कुणी वेगळा लेख केला असेल तर करोत.

होमी भाभांचं वेगळं आहे. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं बोइंग ७०७ माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं, ११७ जण गेले. भाभा त्यात नसते तरी हा लेख झाला असता. त्याच पर्वतावर एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' १९५० मध्ये आदळलं होतं आणि १९६६ च्या विमानातली सरकारी टपालाची थैली २०१२ मध्ये हिमनदीतून वर आली. घटना पन्नास वर्षं जिवंत राहते ती अशी. भाभांच्या मृत्यूबद्दलच्या घातपाताच्या कहाण्या मात्र लेखाच्या प्रस्तावनेत आणू नका.

जनरल बिपिन रावत यांचा २०२१ चा कुन्नूरचा हेलिकॉप्टर अपघात आणि आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचा २००९ चा अपघात ह्यांवर स्वतंत्र लेख योग्य वाटतो. एकात देशाचे संरक्षणप्रमुख, दुसऱ्यात नल्लमलाच्या जंगलात दिवसभर चाललेला शोध, आणि दोन्हींची औपचारिक चौकशी.

आमच्या शेजारच्या तालुक्यात शिकाऊ विमान शेतात पडलं. गावात आजही तोच विषय. लेख का नको?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण बारामतीच्या प्रशिक्षण संस्थांची विमानं इंदापूर, दौंड, करमाळ्याच्या आकाशात दिवसभर घिरट्या घालत असतात. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत असंच एक शिकाऊ विमान शेतात कोसळलं. एकटीच उडवणारी शिकाऊ वैमानिक मुलगी वाचली. गावकरी धावले, व्हिडिओ व्हॉट्सअॅपवरून सोलापुरात पोचायला अर्धा तास लागला नसेल.

तरीही स्वतंत्र लेख नको. जगभर रोज कुठे ना कुठे छोटी विमानं पडतात. साधारण ५,७०० किलोपर्यंत वजनाच्या विमानांचे अपघात, त्यातही प्रशिक्षणातले, वेगळ्या लेखापर्यंत सहसा जात नाहीत. त्यांची चौकशी होते, अहवालही येतो, पण त्यापलीकडे कुणी लिहीत नाही.

पण म्हणजे माहिती टाकून द्यायची का? अजिबात नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चारेक दिवसांत एकाच संस्थेची दोन शिकाऊ विमानं पडली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचं प्रशिक्षण काही काळ थांबवलं. सुटा अपघात क्षुल्लक, पण दोन्ही मिळून 'बारामती विमानतळ' ह्या लेखात एक भक्कम विभाग होतो. एखादा घरचा अभ्यासू माणूस हे सगळं जमवून बसला तर महाराष्ट्रातल्या वैमानिक प्रशिक्षणावर चांगला लेख होईल. तो आजवर कुणी नीट केलेला आम्ही पाहिला नाही आणि दहा सुट्या अपघातलेखांपेक्षा त्याची गरज जास्त आहे.

गावकऱ्यांना राग येतो हे माहीत आहे. "आमच्या गावचं नाव यायला नको काय?" असं थेट विचारतात. येऊ द्या की, गावाच्या लेखात दोन ओळी संदर्भासह घाला.

वायुसेनेची विमानं?

लढाऊ विमानांचे बहुतेक अपघात त्या विमानाच्या लेखात जातात. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं. सहा दशकांतले त्याचे सगळे अपघात सुटे सुटे लिहायला घेतले तर विकिपीडियाचा वर्ग (एका विषयाच्या लेखांची यादी) भरेल, वाचक मिळणार नाही.

सोलापूर विमानतळावर काही घडलं तर?

विमान धावपट्टीवर टेकता टेकता पुन्हा वर गेलं, पक्षी धडकला, टायर फुटला, धुक्यामुळे हैदराबादला वळवलं: ह्यातलं काहीही स्वतंत्र लेखाचं नाही. विमानतळाच्या लेखातही ते तेव्हाच घ्या जेव्हा त्यातून काही निघालं असेल.

सोलापूर विमानतळाची खरी गोष्ट अपघाताची नाहीच, चिमणीची आहे. सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून वर्षानुवर्षं वाद, मोर्चे, कोर्टकज्जे चालले आणि १५ जून २०२३ ला ती पाडली. सोलापूरकराला विमानतळ म्हटलं की आधी ती चिमणी आठवते. हा मजकूर संदर्भांनी भरलेला आहे, दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलंय. अपघात होण्याची वाट बघण्यापेक्षा तो विभाग सुधारा. फक्त कारखान्याचे सभासद आणि विमानसेवेचे आग्रही, दोघांचंही म्हणणं सारख्या आवाजात लिहा. आपण कुठल्या बाजूचे हे लेखात दिसता कामा नये.

जुने अपघात इंटरनेटवर सापडतच नाहीत. मग ते उल्लेखनीय, म्हणजे लेख करण्याजोगे, नाहीत का?

गूगलवर नाही म्हणजे घडलंच नाही, असं थोडंच आहे? ७ जुलै १९६२ च्या रात्री अलितालियाचं डीसी-८ मुंबईला उतरण्यासाठी वेळेआधीच खाली आलं आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. विमानातले ९४ च्या ९४ जण गेले. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' वांद्र्यासमोर समुद्रात पडलं, २१३ जण गेले. अंधारात वैमानिकासमोरचं विमानाचा कल दाखवणारं उपकरण बिघडलं आणि विमान कुठे झुकलंय हे त्याला कळलं नाही, असा निष्कर्ष निघाला. ह्या घटनांचा मराठी मजकूर त्या काळच्या वर्तमानपत्रांत आहे. वाचनालयात जुने बांधीव अंक असतील तर तारीख घेऊन जा, पान नोंदवून घ्या. छापील संदर्भ पूर्ण चालतो, लिंक नसली तरी. वृत्तपत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक एवढं पुरे.

इंग्रजीत लेख आहे म्हणजे मराठीत करायलाच हरकत नाही ना?

हरकत बहुधा नसते, पण तो पुरावा नाही. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपलं आपण ठरवतो. मशीनने केलेलं भाषांतर चिकटवलेले लेख तर आम्ही लगेच ओळखतो. त्यात विमान 'जमीन करतं' आणि धावपट्टीवरून 'पळून जातं'.

उलटही खरं आहे. काही अपघात आपल्यासाठी जास्त वजनाचे असतात. २६ एप्रिल १९९३ ला औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टी संपता संपता जेमतेम उचललं गेलं. टोकाला लागून जाणाऱ्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेला ट्रक होता. विमानाचं डाव्या बाजूचं चाक आणि इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकवर आदळला, विमान पुढे जाऊन उच्च दाबाच्या तारांना धडकलं आणि शेतात पडलं. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलल्याचा दोष निघाला, आणि विमानांच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचाही. परदेशातल्या वाचकाला ही एक नोंद. मराठवाड्यातल्या वाचकाला तो रस्ता, तो कापूस, तो एप्रिल सगळं ओळखीचं. असा लेख मराठीत इंग्रजीपेक्षा सविस्तर असायला हवा, असं आमचं ठाम मत आहे.

लेखाला नाव काय द्यावं?

विमान कंपनी आणि उड्डाण क्रमांक, ही रूढ पद्धत. पण सांभाळून. एअर इंडिया १७१ म्हणजे २०२५ चं अहमदाबाद, आणि इंडियन एअरलाइन्स १७१ म्हणजे १२ ऑक्टोबर १९७६ ला मुंबईत पडलेलं कॅरव्हेल विमान, ज्यात ९५ जण गेले. नुसतं 'उड्डाण १७१' लिहिलंत तर वाचक गोंधळणार. तिथे निःसंदिग्धीकरण पान, म्हणजे एकाच नावाचे वेगवेगळे लेख दाखवणारं पान लागतं. लोक शोधतात ते गावाच्या नावाने, म्हणून 'अहमदाबाद विमान अपघात' असं पुनर्निर्देशनही (त्या नावावरून थेट लेखावर नेणारी सोय) करून ठेवा.

मृतांची नावं द्यावीत का?

नाही. ज्यांचा स्वतःचा लेख आहे किंवा होऊ शकतो त्यांचीच. नातेवाइकांनी पाठवलेली यादी असली तरी नाही, आणि हे त्यांना समजुतीने सांगायचं.

माझ्या लेखावर पानकाढा साचा (लेख काढून टाकावा अशी सूचना) लागला. आता?

आधी शांत राहा. साचा लावणारा तुमचा शत्रू नसतो, बहुतेकदा त्याला दिसलेला एकुलता एक संदर्भ बातमीचा असतो. चर्चापानावर जा आणि नवे संदर्भ मांडा: चौकशी अहवाल, नियमांत झालेला बदल, वर्षभरानंतरचा एखादा सविस्तर लेख. 'असेच दुसरे लेख आहेत की' हा मुद्दा कामाचा नाही, कारण कदाचित तेही काढायचे असतील. 'मी फार मेहनत घेतली' हाही नाही. पंधरा मित्रांना खाती उघडून मत द्यायला लावू नका. तिथे मतं मोजत नाहीत, मुद्दे बघतात, आणि एकाच संध्याकाळी उघडलेली खाती प्रचालकांना, म्हणजे विकिपीडियाची देखरेख करणाऱ्यांना, लगेच दिसतात.

आणि लेख राहणार नाही असं दिसलं तर तुम्हीच विलीनीकरण सुचवा. मजकूर विमानतळाच्या, कंपनीच्या किंवा 'भारतातील विमान अपघात' अशा यादीच्या लेखात जातो, जुन्या नावाचं पुनर्निर्देशन राहतं, इतिहासात तुमचं लिखाण शाबूत असतं. पुढे अंतिम अहवाल आला आणि त्यात काही मोठं निघालं, तर त्याच पुनर्निर्देशनावर पुन्हा लेख उभा करता येतो.

अपघाताचा फोटो व्हॉट्सअॅपवर आलाय, टाकू का?

ज्याने काढला त्याचा तो फोटो. त्याने स्वतः कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर) चढवला तर चालेल, तुम्ही पुढे ढकललेला चालणार नाही. तुम्ही स्वतः होटगी रोडच्या कुंपणाबाहेरून उतरणाऱ्या एटीआर विमानाचा फोटो काढला असेल तर तो मात्र जरूर द्या.